पावणेदोन आणि अडीच

इसाको उमुरोनं बोअरवेलचं इंजिन स्वतःच्या हातानं बंद केलं, तेव्हा बाहेर हौदावर चारशे तरी शेळ्या आणि साठ-सत्तर उंट पाळीला उभे होते. इंजिनाचा ठोका थांबला तसा बाहेरचा गलबलाही थांबला. मग एकदम सगळे बोलायला लागले.

सकाळपासून पट्टा घसरत होता. आधी त्याला वाटलं, पट्टाच सैल झालाय. त्यानं चुलीतली राख आणून पट्ट्यावर मारली. दहा मिनिटं बरं चाललं, पुन्हा पाण्याची धार बारीक झाली. मग त्याला समोरच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला तेलाची काळी रेघ उडालेली दिसली. खाली वाकून बघितलं, तर मोठ्या चाकामागून तेल ओघळत होतं. इंजिनाचा मुख्य दांडा जिथून बाहेर येतो, तिथलं ऑइल सील गेलं होतं.

बांगडीएवढी वस्तू. बाहेरून पत्र्याचं कडं, आतून रबराची कड, आणि त्या कडेला दांड्यावर दाबून धरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग. दांड्याला फिरू द्यायचं आणि तेलाला बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तेल पट्ट्यावर उडालं की पट्टा घसरतो आणि पाणी येत नाही. तेल संपलं की इंजिन आवळतं, आणि मग ते कायमचंच येत नाही.

"किती वेळ?" दारातून कुणीतरी विचारलं.

"बघतो," इसाको म्हणाला.

बावीस वर्षं तो बुर्री देराच्या या बोअरवर होता. त्याआधी त्याच्याकडे चाळीस उंट होते. एका दुष्काळात ते चाळीसच्या चाळीस गेले, शेवटचा उभ्या उभ्याच गेला. गब्रा जमातीच्या माणसाचे उंट गेले की त्याला आपल्यात काही बोलायला विषय उरत नाही. चार माणसं जमली की कुठली सांडणी व्याली, कुठल्याचा खूर दुखतोय, हेच चालतं. इसाको तिथून उठून येऊन या बोअरपाशी बसायला लागला. त्या वेळी इथं मुरिउकी नावाचा मेरूकडचा म्हातारा मिस्त्री होता. त्यानं त्याला आधी डिझेल गाळायला शिकवलं, मग हँडल मारायला, मग नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायला. मुरिउकी गेल्यावर हँडल इसाकोकडे आलं. लोक त्याला मान देत, पण त्या मानात एक बारीक टोचणी असायचीच. "ज्याच्याकडे जनावर नाही त्याच्या हातात पाणी," असं त्याचा थोरला भाऊ गल्गल्लो हसत हसत म्हणायचा. इसाकोही हसायचा.

नऊ वर्षांपूर्वी हेच सील एकदा बदललं होतं. मुरिउकीनं बदललं होतं, आणि त्याचं माप त्याच्या डोक्यात होतं. ते त्याच्याबरोबर गेलं.

लागोपाठ तिसरा पाऊस चुकला होता. जवळचं दुसरं पाणी दोन दिवसांच्या वाटेवर होतं, आणि तिथंही पाळीला चार-चार दिवस लागत होते. जिल्ह्याचा एकमेव मिस्त्री पलीकडच्या तीन बोअरवर अडकलेला. इसाकोनं चाक उतरवलं, पेचकस घातला आणि घाईघाईनं सील उचकटून काढलं. ते बाहेर आलं तेच वाकडं होऊन. रबर शिंगासारखं कडक झालं होतं, दोन जागी चिरलेलं. स्प्रिंग तुटलेली. अशा वस्तूवर आकडे कोरलेले असतात हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ते पुसलं, उन्हात धरलं, थुंकी लावून अंगठ्यानं घासलं. आकडे नव्हते. नऊ वर्षांच्या उष्णतेनं ते खाऊन टाकले होते.

फोन लागायला मागच्या टेकडीवर चढावं लागे. तो चढला. इसिओलोच्या बाजारात किन्या नावाच्या बाईचं बेअरिंग आणि सीलचं दुकान होतं, मुरिउकीही तिथूनच माल आणायचा.

"नंबर सांगा," किन्याबाई म्हणाली.

"नंबर पुसलाय, बाई."

"मग मापं सांगा. आतलं, बाहेरचं, जाडी."

इसाकोनं पोलादी पट्टीनं मोजलेलं सांगितलं. बाहेरचं एकीकडून त्रेसष्ट भरतं, दुसरीकडून चौसष्टच्या पुढे. आतलं त्रेचाळीस.

"आतलं तुम्ही रबराचं मोजलंत. ते मोजून उपयोग नाही, ते दांड्याला आवळायला मुद्दाम लहानच असतं. दांडा मोजा."

"दांडा मोजला. पंचेचाळीस वाटतो."

"वाटतो म्हणजे काय? मी काय अंदाजानं माल पाठवू?"

"बाई, इथं चारशे जनावरं उभी आहेत."

पलीकडे खोके सरकवल्याचा आवाज आला. "माझ्याकडे पंचेचाळीसात दोन आहेत. बाहेरून एक बासष्ट, एक पासष्ट. दोन्ही पाठवते. जे बसेल ते बसवा."

दोन दिवसांनी ट्रक आला. त्या दोन दिवसांत इसाकोनं उंटाच्या कातड्याची पट्टी चरबीत भिजवून दांड्याभोवती ठासून भरली होती, खाली परात ठेवली होती. गळलेलं तेल फडक्यातून गाळायचं आणि पुन्हा इंजिनात ओतायचं. दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. त्यातून घरटी एक कॅन निघायचा, फक्त माणसांसाठी. जनावरांना थेंब नाही. बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि मागून शेळ्या मुसंडी मारायच्या. इसाकोची बायको तलासो हातात काठी घेऊन हौदावर उभी राहायची आणि शेजारणींच्याच शेळ्यांना हाकलायची.

"माझी शेळी तुला ओळखते गं," एक म्हातारी तिला म्हणाली. "तू तिच्या आईचं दूध प्यायलीस."

तलासोनं काठी खाली केली नाही. घरी आल्यावर मात्र तिनं ती कोपऱ्यात फेकली आणि नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

ट्रकमधून कागदी पुडी आली तेव्हा लोक इंजिनखोलीच्या खिडकीलाही लटकले होते. इसाकोनं पासष्टचं सील भोकावर ठेवलं. ते बसेना. लाकडी ठोकळा ठेवून हळू ठोकलं, मग जोरात. पत्र्याचं कडं एका बाजूनं आत गेलं, दुसऱ्या बाजूनं मुडपलं. ते काढलं आणि बासष्टचं घेतलं. ते सरळ आत पडलं, विहिरीत दगड पडावा तसं. बोटानं ढकललं तर इकडून तिकडे हलत होतं.

खिडकीतल्या माणसांना कुणी काही सांगावं लागलं नाही. एकेक करून ती खाली उतरली.

इसाको तेलकट जमिनीवर बसून राहिला. त्याला राग आला तो स्वतःचाच. जुनं सील उचकटताना वाकडं केलं नसतं तर! दांडा अंदाजानं सांगितला नसता तर! दोन दिवस गेले होते, आणखी दोन जाणार होते, आणि कशासाठी जाणार हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. तेलाचा डबा त्यानं हलवून बघितला. तळाशी पाच लिटरही नसेल.

त्याच्याकडे दिरामो राहायची, गल्गल्लोची मुलगी. गावच्या शाळेत ती शिकवायची, आणि बाप उंटांमागे फिरतीवर म्हणून काकाकडे राहायची. ती आत आली, दोन्ही नवी सीलं उचलून पाहिली.

"काका, पट्टीनं गोल वस्तू मोजता येत नाही. पट्टी बरोबर मधोमध पडली की नाही हे कळणार कसं?"

"मग काय करू? माझ्याकडे तेवढंच आहे."

"दांड्याला कागद गुंडाळू या. घेर मोजायचा आणि तीन पूर्णांक चौदानं भागायचं. हे मी पोरांना दर वर्षी शिकवते. त्यातली निम्मी झोपलेली असतात."

तिनं वहीतून लांब पट्टी कापली. इसाकोनं दांडा रॉकेलनं पुसला. दोघांनी मिळून कागद घट्ट गुंडाळला, आणि जिथं तो स्वतःवर चढत होता तिथं दिरामोनं सुईनं दोन्ही थरांतून भोक पाडलं. उलगडून दोन भोकांमधलं अंतर मोजलं. एकशे एकोणचाळीस आणि अर्धं. तिनं भागाकार केला, पुन्हा केला.

"चव्वेचाळीस पूर्णांक चार. पंचेचाळीस नाहीच."

"चव्वेचाळीस पूर्णांक चार असला दांडा कोण करतं?" इसाको म्हणाला. "आणि भोकाचं काय? भोकाच्या आत कागद कसा गुंडाळणार?"

दारात कातेलो आबा उभे होते. म्हातारे, एका डोळ्यानं अधू, आयुष्यभर उंटांच्या लाकडी घंटा कोरत आलेले. ते पाण्यासाठी आले होते आणि पाणी नाही म्हणून तिथंच थांबले होते.

"भोक मला दाखव," ते म्हणाले.

"आबा, हे घंटेचं काम नाही. केसाचा फरक पडला तरी तेल गळतं."

"घंटेचा आतला लोळा केसानं चुकला तर ती घंटा न वाजता खडखडते. तुला आयुष्यात माझी खडखडणारी घंटा ऐकू आली?"

आबा बाभळीचा वाळलेला तुकडा घेऊन खोलीतच बसले. तासाभरात त्यांनी एक बुच कोरलं, मधून दांडा जाईल असं पोकळ. भोकाच्या आतून काजळी फासायची, बुच घालायचं, काढायचं, जिथं काजळीचा डाग लागेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा घालायचं. शेवटी ते असं बसलं की हलवलं तर हललं नाही आणि ओढलं तर हळूच फस्सकन हवा घेऊन निघालं. दिरामोनं बुचाला कागद गुंडाळला. एकशे नव्याण्णव आणि अर्धं. भागाकार: त्रेसष्ट पूर्णांक पाच.

इसाको धापा टाकत टेकडीवर चढला.

"चव्वेचाळीस पूर्णांक चार," त्यानं फोनवर सांगितलं. "बाहेरून त्रेसष्ट पूर्णांक पाच. जाडी साडेनऊ."

पलीकडे किन्याबाईनं श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. "अहो, हे मिलिमीटरचं नाहीच! इंचाचं आहे. पावणेदोन आणि अडीच. तुमचं इंजिन विलायती आहे का, जुनं?"

"जुनं तर आहे. माझ्याआधीचं आहे."

"हे आधी सांगायला नको? इंचाचा माल आता कुणी ठेवत नाही. माझ्याकडे नाही." मग तिनं वहीची पानं उलटली. "थांबा. फोन ठेवू नका म्हणणार होते, पण ठेवा. मेरूला एक जण जुन्या मक्याच्या गिरण्या दुरुस्त करतो. त्याच्याकडे माणूस पाठवते. मिळालं तर सकाळच्या बसनं मार्साबिटला टाकते, तिथून ट्रकनं परवा दुपारी. मिळालं तर हं. आणि ऐका, दांड्यावरून नख फिरवा. जुन्या सीलनं तिथं खाच पाडली असेल. नख अडकलं तर नवं सील पूर्वीच्याच जागी ठोकू नका, दोन मिलिमीटर बाहेर ठेवा. नाहीतर नवं सीलसुद्धा त्याच खाचेतून गळेल. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. समजलं?"

"समजलं."

"परत सांगा बघू."

त्यानं परत सांगितलं. टेकडीवर तो एकटा होता. खाली हौदाभोवती जनावरं पसरली होती, आणि बरीचशी बसलेली होती. उंट बसला तर उठतो, पण बसलेल्या शेळ्यांपैकी किती उठतील हे त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्गल्लो आला. एकतीस उंट घेऊन, पंधरा दिवसांचे तहानलेले. बुर्री देराला पाणी आहे एवढंच वाटेत त्याला कळलं होतं, बिघाडाचं कळलं नव्हतं. त्याच्या उंटांची वशिंडं रिकाम्या पिशव्यांसारखी एका बाजूला कलली होती. एकतिसांतले नऊ इसाकोच्या सुंतेच्या वेळी बापानं दिलेल्या सांडणीच्या वंशातले, त्याच्या स्वतःच्या कळपातून भावाकडे आधीच गेलेले, म्हणून वाचलेले. इसाकोनं ते लांबूनच ओळखले.

"इंजिन लाव," गल्गल्लो म्हणाला.

"दादा, सील उद्या दुपारी येतंय."

"उद्याचं मी विचारलं नाही. माणसांसाठी अर्धा तास लावतोस, हे मला बायकांनी सांगितलं. माझ्यासाठी दोन तास लाव."

"दोन तासांत सगळं तेल भिंतीवर जाईल. इंजिन आवळलं तर उद्या सील येऊन काय करू? गळ्यात घालू?"

"तुझ्या भावाचे उंट आहेत हे."

"तिथं बसलेल्या शेळ्याही कुणाच्या तरी भावाच्या आहेत."

गल्गल्लोबरोबर दोन माणसं होती, एकाच्या खांद्याला बंदूक. गुराखी बंदूक बाळगतातच, त्यात नवल नव्हतं. पण त्यानं ती खांद्यावरून काढून हातात घेतली. दिरामो मध्ये आली. "बाबा," ती म्हणाली, "मापं मी काढली आहेत. मीच भागाकार केला. सील येणार आहे. एक दिवस थांबा."

"तू पोरांना बेरजा शिकव," गल्गल्लो तिला म्हणाला.  मग तो भावाजवळ आला, अगदी जवळ, आणि हळू बोलला. "इसा. थांबलो आणि तुझी ती वस्तू आली नाही, किंवा मागच्यासारखी भलतीच आली, तर इथून हलायची ताकद यांच्यात उरणार नाही. आज निघालो तर पलीकडच्या पाण्यापर्यंत काही तरी पोचतील. तू मला शब्द दे, की उद्या येणार आणि बसणार. शब्द दे, मी थांबतो."

इसाकोच्या ओठांवर शब्द आला होता. पण किन्याबाई 'मिळालं तर' म्हणाली होती. मेरूचा तो माणूस त्यानं पाहिला नव्हता. पहिल्या खेपेलाही त्यानं असंच पंचेचाळीस 'वाटतो' म्हणून सांगून टाकलं होतं.

"शब्द नाही देता येत, दादा."

 "मग तुझ्याकडे आहे तरी काय द्यायला?" एवढं म्हणून गल्गल्लो वळला. उंट उठवायला त्यांना बराच वेळ लागला. इसाकोनं हँडल काढून कमरेला बांधलं होतं आणि तो दारात उभा होता, ते वाळूच्या उतारावरून दिसेनासे होईपर्यंत. तलासो मागून आली आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हे, सकाळी अकरालाच ट्रक आला. किन्याबाईनं बसची वाट न पाहता ते कांदे नेणाऱ्या गाडीवाल्याच्या हातात दिलं होतं. पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पावणेदोन, अडीच. स्प्रिंग आत.

इसाकोनं दांड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. त्यानं खिळ्यानं दोन मिलिमीटरची खूण केली, सीलच्या कडेला बोटानं तेल लावलं, कातेलो आबांचं बुच त्यावर सपाट ठेवलं आणि लहान हातोडीनं चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकलं. ते गेलं. घट्ट, सरळ, कुठं न मुडपता. चाकाचे बोल्ट दिरामोनं घातले. परातीतलं, डब्यातलं, होतं नव्हतं ते तेल ओतलं. हँडल मारलं. चौथ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. त्यानं भिंतीकडे पाहिलं नाही, चाकामागे पाहिलं, एक बोट तिथं फिरवलं. बोट कोरडं निघालं.

बाहेर धार सुरू झाली तसा असा आवाज उठला की इंजिन ऐकू येईना. आबा म्हणत होते, "बघितलंस? खडखडलं का?" बायका हसत होत्या आणि रडत होत्या. ज्या शेळ्या उठू शकत नव्हत्या त्यांच्या तोंडाशी ताटल्यांतून पाणी नेत होत्या.  

इसाकोनं एका माणसाला गल्गल्लोच्या मागावर पिटाळलं. तो पाचव्या दिवशी परतला. उंट अर्ध्या वाटेतच पडायला लागले होते. पलीकडच्या पाण्यावर सतरा पोचले. चौदा वाटेत राहिले.

"कोणते?" इसाकोनं विचारलं.

माणसानं नावं घेतली. गब्रा माणूस उंट मोजत नाही, नावं घेतो. चौदा नावं होईपर्यंत दिरामो आत निघून गेली होती.

नंतरचे दिवस इंजिन दिवसाला चौदा तास चाललं. येणारे-जाणारे इसाकोचे हात हातात घेत. या तिघांमुळे पाणी आलं असं ते सांगत: कातेलो आबा, मास्तरीण आणि इसाको. गल्गल्लोचं नाव निघालं की मतं फुटत. काही जण म्हणत, त्यानं एक दिवस थांबायला हवं होतं. काही म्हणत, भावानं दोन तास तरी लावायला हवं होतं, इंजिन काही लगेच मेलं नसतं. इसाकोही रोज हेच घोळवत असे. पाच लिटर तेल, दोन तास. कदाचित पुरलं असतं. त्यानं हा हिशेब कितीदा केला असेल, उत्तर एकदाही तेच आलं नाही. शब्द दिला असता तर सील आलंच होतं, आणि बसलंही होतं. पण ते त्याला त्या सकाळी माहीत नव्हतं, आणि हे कुणाला समजावून सांगावं, तर ज्याला सांगायचं तो येत नव्हता.

पावसानंतर दिरामो बापाच्या तळावर जाऊन आली. तिनं काकासाठी काही निरोप आणला नाही, आणि त्यानंही विचारला नाही.

गल्गल्लो आला तो पुढच्या कोरड्या हंगामात. इतरांसारखा पाळीला उभा राहिला, चार तास. पाळी आली तेव्हा सतरा उंट पाणी प्यायले. इसाको हौदाच्या कडेला तोटीपाशी होता. त्यानं एकेक उंट ओळखला आणि मान खाली घातली. भाऊ त्याच्याजवळून दोनदा गेला, बोलला नाही. उंट पिऊन झाले, माणसांनी ते हाकायला घेतले.

गल्गल्लो मागे राहिला होता. उंटांकडेच बघत तो म्हणाला, "पाच गाभण आहेत."

"कोणत्या?" इसाकोनं विचारलं.

गल्गल्लोनं नावं सांगितली. मग काठी खांद्यावर आडवी टाकून तो आपल्या जनावरांमागे चालू लागला, आणि पुढच्या पाळीचा माणूस ओरडला की हौद भरत नाहीये, म्हणून इसाको आत गेला.